नंबर लावून ठेवते

जुन्या नोकियाच्या सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक रीडायल' अशी एक ओळ असायची. ती चालू केली की समोरचा नंबर एंगेज लागला तरी फोन तिथे थांबायचा नाही. जास्तीत जास्त दहा वेळा तो आपणहून पुन्हा लावायचा.

मला ती ओळ फार प्रिय होती. तेव्हा मी नाशिकमध्ये, सातपूरच्या एका कारखान्यात परचेसला होते. सकाळी दहा ते बारा ही पुरवठादारांना फोन करण्याची वेळ, आणि सातपूर-अंबडमधले सगळेच परचेसवाले त्याच वेळात त्याच चार-पाच जणांना लावत असणार. एका हाताने इंडेंट लिहायचं, दुसऱ्या हाताने रीडायल दाबत राहायचं. त्यातलं दुसरं काम फोनने अंगावर घेतलं तेव्हा खरोखर सुटल्यासारखं वाटलं होतं.

दहाच वेळा का, हे बरंच नंतर कळलं. जीएसएम या मोबाइल पद्धतीच्या मानकांमध्ये, म्हणजे मोबाइल कसा वागेल याच्या नियमांमध्ये, त्यासाठी एक स्वतंत्र परिशिष्टच आहे. यंत्राने आपणहून पुन्हा कॉल लावायचा असेल तर पहिला कॉल फसल्यावर किमान पाच सेकंद थांबायचं. त्यापुढच्या तीन प्रयत्नांमध्ये एकेक मिनिटाचं अंतर ठेवायचं. पाचव्यापासून तीन-तीन मिनिटांचं. दहा झाले की बस, तो नंबर काळ्या यादीत टाकायचा आणि माणसाने स्वतः हात लावेपर्यंत पुन्हा लावायचा नाही. दहा प्रयत्न पुरे व्हायला अशा रीतीने वीस मिनिटं सहज जातात. आणि ही मुभा समोरचा बिझी असेल किंवा उचलत नसेल तर. नंबरच अस्तित्वात नसेल तर यंत्राला फक्त एकदा पुन्हा लावून बघता येतं.

कॉल का लागला नाही, हे फोनला बहुतेक वेळा नेमकं माहीत असतं, हेही मला तेव्हाच समजलं. जाळ्यापर्यंत पोचून फसलेल्या कॉलबरोबर जाळ्याकडून एक आकडा येतो. १७ म्हणजे समोरचा दुसऱ्याशी बोलतोय. १ म्हणजे असा नंबरच कुणाला दिलेला नाही. ३४ म्हणजे मधे वाटच मोकळी नाही. तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर मात्र बहुतेक वेळा 'कॉल अयशस्वी' एवढंच दिसतं, आणि ज्याला काळजी लागलेली असते तो त्या दोन शब्दांमधून स्वतःच अर्थ काढत बसतो.

नियम एवढा जपून का केला असेल, हे समजायला फोनचं जाळं मुळात कसं बांधतात ते बघावं लागतं. सगळ्यांना एकाच वेळी बोलता येईल असं ते कधीच बांधलेलं नसतं, तसं बांधणं परवडणारं नसतं. मग किती वाटा पुरतील? हा हिशेब कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आगनर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने मांडला. १९०९ साली त्याचा पहिला निबंध आला आणि १९१७ साली ते सूत्र, ज्यावरून आजही अमुक इतक्या कॉलसाठी किती वाटा ठेवाव्यात हे ठरवता येतं. फोनवरची वर्दळ मोजायच्या एककाला त्याचंच नाव आहे. त्या सूत्रात एक गृहीतक आहे आणि ते वाचल्यावर मी काही वेळ पुढे वाचलंच नाही. ज्याला वाट मिळाली नाही तो ग्राहक निघून जातो, असं सूत्र धरून चालतं. पुन्हा येत नाही.

कोण निघून जातं? ज्याचं काम फारसं महत्त्वाचं नाही तो जाईल. मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात आहे, बाप लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची गाडी घेऊन उभा आहे, तो कसा जाईल? तो लावतच राहणार. एर्लांगनंतरच्या अभियंत्यांना हे दिसलंच, आणि पुन्हा लावणारी माणसं धरून हिशेब करायच्या पद्धतीही त्यांनी काढल्या. पण पहिल्या सूत्रात ती माणसं नव्हती, याची मला अजूनही चुटपुट वाटते.

२००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला नाशकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. पंचवटीतल्या घरांमधून ती तारीख पुसली गेलेली नाही. त्यामुळे २९ ऑगस्ट २०१५ ला, पुढच्या सिंहस्थातल्या पहिल्या शाही स्नानाला, आई आणि दोन्ही मावश्या पहाटे रामकुंडाकडे निघाल्या तेव्हा घरात कुणीच धड बसलेलं नव्हतं. रस्ते बंद, गाड्या शहराबाहेर, लोंढेच्या लोंढे पायी चाललेले. आईजवळ साधा फोन होता. उजाडल्यावर मी लावायला सुरुवात केली. कधी 'नेटवर्क बिझी', कधी नुसतीच शांतता, कधी दोन टूं-टूं आणि कट. निमाणीच्या बाजूने लाउडस्पीकरवर हरवलेल्यांची नावं ऐकू येत होती. कुठल्या गावची कोण बाई, कुठल्या रंगाचं लुगडं, कुठे थांबली आहे. मी एका कानाने ती नावं ऐकत होते आणि दुसऱ्या कानाला फोन होता. दुपार व्हायच्या आत तिघी चालत घरी आल्या, ओल्या पिशव्या घेऊन. फोन कुणाचाच कुणाला लागला नव्हता. त्याही तिकडून लावतच होत्या.

त्या सकाळी आकाशात काय चाललं होतं, ते आता मला थोडंफार सांगता येतं. जीएसएममध्ये एका वाहक लहरीचे आठ भाग असतात, म्हणजे एका लहरीवर आठ जण बोलू शकतात. अर्ध्या दराने बोलणं पाठवलं तर सोळा. टॉवरवर अशा काही लहरी असतात, जास्तीचे फिरते टॉवर आणले तर आणखी काही. पण बोलण्याआधी फोनला टॉवरकडे 'मला जागा दे' अशी विनंती करावी लागते, आणि ती विनंती करायची वाट सगळ्यांची मिळून एकच असते. एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीवर दोघांनी एकदम प्रश्न विचारला की आतल्या माणसाला दोघांचंही ऐकू येत नाही, तसंच तिथे होतं. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या की बहुधा दोन्ही वाया जातात. मग प्रत्येक फोन थोडा वेळ थांबून पुन्हा विचारतो, आणि तो वेळ मुद्दाम अनियमित ठेवलेला असतो, नाहीतर तेच दोघे पुन्हा एकमेकांवर आदळतील. ही युक्ती नॉर्मन अब्रॅमसन यांनी हवाई विद्यापीठात १९७१ च्या सुमारास बेटाबेटांतले संगणक रेडिओने जोडताना वापरली होती. गणित असं सांगतं की वेळेचे ठरावीक तुकडे पाडले तरी अशा वाटेचे फार तर ३७ टक्के तुकडे कामी येतात. त्याच्यापुढे विनंत्या वाढल्या की कामी येणारे तुकडे वाढत नाहीत, उलट कमी होतात.

म्हणजे गोदाकाठी लाख माणसांनी लाख वेळा बटण दाबलं तर जेवढे कॉल एरवी लागले असते तेवढेही लागत नाहीत. फसलेला कॉलसुद्धा जागा खातो. पाच सेकंद, एक मिनिट, तीन मिनिटं हे वाढत जाणारं अंतर त्याच्यासाठी आहे. यंत्राला संयम शिकवलेला आहे. माणसाच्या अंगठ्यावर मात्र असा कुठलाच नियम नाही, आणि तो घालावा असं मला वाटतही नाही. आई गर्दीत असताना तीन मिनिटं थांब, असं कुणी कुणाला सांगावं?

आणीबाणीसाठी जाळ्यात एक सोय असते. प्रत्येक सिम शून्य ते नऊपैकी एका वर्गात असतं, आणि आपत्कालीन सेवा, सुरक्षा यंत्रणा वगैरेंच्या सिमसाठी ११ ते १५ असे वेगळे वर्ग राखून ठेवलेले आहेत. फारच कोंडी झाली तर टॉवर सामान्यांपैकी काही वर्गांना थोडा वेळ 'विचारूच नका' असं सांगू शकतो आणि पाळीपाळीने वर्ग बदलू शकतो. कुणालाच न लागण्यापेक्षा काहींना लागलेलं बरं, हे पटतं. पण ज्यांना थांबवलं त्यांना कुणी कळवत नाही. त्यांना वाटतं फोन बिघडला, बॅलन्स संपला, किंवा पलीकडे काहीतरी बरंवाईट झालं.

ही कोंडी फक्त कुंभातच होते असंही नाही. नाशकात एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे दिवसाचे नंबर सकाळी ठरावीक वेळेला फोनवरूनच देतात. त्या वेळेला सगळे एकदम लावतात. शेजारच्या आजी तयार होऊन, चष्मा लावून, भिंतीवरचं घड्याळ बघत बसतात. एंगेज लागला की फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा बटण शोधतात. त्याच वेळी दुसरा कुणीतरी रीडायलचं ॲप लावून मोकळा झालेला असतो. ॲप दर काही सेकंदांनी लावत राहतं. आजींच्या एका प्रयत्नात त्याचे कितीतरी होतात. नंबर ॲपवाल्याला मिळतो. ॲप वापरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, त्याच्याही घरी कुणीतरी आजारी असेलच. पण पुन्हा पुन्हा लावणं हाच एकमेव मार्ग ठेवला की जास्त वेगाने दाबणारा पुढे जातो, आधी आलेला मागे राहतो. आजींनी पहिल्यांदा लावला तेव्हा कदाचित त्या पहिल्याच होत्या. त्याची नोंद कुठेच झालेली नसते.

अशी नोंद ठेवणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. माझी आत्या नाशिकच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे कॉल जोडून देणाऱ्या केंद्रात, ऑपरेटर होती. थेट डायल करून परगावी बोलायची सोय, एसटीडी, आपल्याकडे १९६० साली कानपूर-लखनौ अशी सुरू झाली खरी, पण पुढे कितीतरी वर्षं बहुतेक गावांना ट्रंक बुक करावाच लागायचा. गिऱ्हाईक नंबर सांगायचं, ऑपरेटर तो एका छापील चिठ्ठीवर लिहायची, बाजूला वेळ टाकायची. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, आणि पीपी, म्हणजे ठरावीक माणसाशीच बोलायचं, असेल तर कुणाला बोलवायचं त्याचं नाव. मग गिऱ्हाईकाने फोन ठेवून द्यायचा. पुढचं सगळं तिच्याकडे. लाइन मोकळी झाली की आधी पलीकडचा नंबर धरायचा, मग इकडच्याला घंटा द्यायची. "बोला, कलकत्ता लागलंय." तीन मिनिटं झाली की मधे येऊन विचारायचं, वाढवायचे का म्हणून.

मी तिला एकदा विचारलं होतं, की लोक चिडायचे नाहीत का, तास-तास लागत नसे म्हणून. म्हणाली, "चिडायचे की. पण अगं, चिठ्ठी माझ्यापाशी आहे हे त्यांना ठाऊक असायचं. मी म्हणायचे, काका, तुमचा नंबर लावून ठेवते, तुम्ही जेवून घ्या. आणि ते खरंच जेवून घ्यायचे." कांद्याच्या सीझनमध्ये चिठ्ठ्यांचा गठ्ठा वाढला की ती पाणी प्यायलासुद्धा उठत नसे. लाइटनिंगवाला पैसे मोजून पुढे जायचा, हे तिला कधी आवडलं नाही. एखाद्या ऑर्डिनरी चिठ्ठीवर 'सीरियस' असं कळलं तर ती आणि तिच्या मैत्रिणी ती हळूच वर सरकवायच्या. ते नियमात बसत होतं की नाही कोण जाणे. मला ते अतिशय योग्य वाटतं.

आत्या निवृत्त झाली, एक्स्चेंज बदललं, चिठ्ठ्या गेल्या. पण ती जे करायची ते यंत्राला जमत नाही असं अजिबात नाही. आमच्या सातपूरच्या ऑफिसातल्या ईपीएबीएक्सवर, म्हणजे आतले फोन जोडणाऱ्या यंत्रावर, ती सोय होती. स्टोअरचं एक्स्टेन्शन बिझी लागलं की एक बटण दाबून रिसीव्हर ठेवायचा. स्टोअरवाल्यांनी फोन ठेवला की आधी माझा वाजायचा, मी उचलला की त्यांचा. अमेरिकेत लँडलाइनवर स्टार सहासष्ट दाबलं की एक्स्चेंज अर्धा तास त्या नंबरवर नजर ठेवून असायचं. ब्रिटनमध्ये एंगेज लागल्यावर पाचाचं बटण दाबायचं. आणि मोबाइलसाठीही हीच सेवा जीएसएमच्या मानकांमध्ये नव्वदच्या दशकातच लिहून झालेली आहे. सीसीबीएस असं तिचं आखूड नाव.

तिचं वर्णन वाचताना मला आत्याच आठवत होती. समोरचा बिझी असेल तर जाळं विचारतं, थांबायचंय का? हो म्हटलं की पलीकडच्या जाळ्यात तुमचं नाव रांगेत लागतं. एका माणसासाठी अशी पाच जणांपर्यंत रांग धरता येते. त्याचा फोन मोकळा झाला तरी लगेच घाई नाही, काही क्षण थांबायचं, न जाणो त्याला स्वतःलाच कुठे फोन करायचा असेल. मग आधी तुमची घंटा वाजवायची, तुम्ही उचललात तरच पुढचा कॉल. मधेच विचार बदलला तर नाव काढून घेता येतं. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी थांबणाऱ्या माणसाचा आणि ज्याच्यासाठी थांबलंय त्याचाही विचार केलेला आहे.

माझ्या हातातल्या कुठल्याही सिमवर मला ही सेवा कधी मिळाली नाही. कारणं समजू शकते. इकडची कंपनी, तिकडची कंपनी आणि हातातला फोन, तिघांनाही ती यावी लागते. शिवाय कॉल वेटिंग आल्यापासून बिझी लागणंच कमी झालं. आता पलीकडे बीप वाजते आणि बोलणाऱ्यालाच ठरवावं लागतं की आत्ताचा ठेवू का नवा घेऊ. थांबण्याचा भार लावणाऱ्याकडून उचलणाऱ्याकडे गेला, एवढंच. आणि २०१९ पासून मोबाइलची घंटा ३० सेकंद वाजवायची असं दूरसंचार नियामक ट्रायने ठरवलंय. तेवढ्यात ओट्यापाशी असलेल्या बाईचे हात पुसून होतात न होतात.

सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की वाट बघणं या जाळ्याला उत्तम येतं. एसएमएस घ्या. ज्याला पाठवला त्याचा फोन बंद असेल, कसाऱ्याच्या घाटात बोगद्यात असेल, तर मेसेज केंद्रात थांबतो. केंद्र मधूनमधून पुन्हा प्रयत्न करतं, शिवाय ग्राहकांची मुख्य नोंदवही, एचएलआर, टिपून ठेवते की याच्यासाठी काहीतरी थांबलंय. फोन पुन्हा जाळ्यात आला की नोंदवही केंद्राला कळवते आणि मेसेज पोचतो. पाठवणारा तोवर आपल्या कामाला लागलेला असतो. मिस्ड कॉल अलर्टही असाच, फोन चालू केल्यावर कुणी कुणी लावला होता ते सांगणारा. म्हणजे अक्षरांसाठी चिठ्ठी ठेवायची पद्धत चालू राहिली आणि आवाजासाठी तेवढी बंद पडली.

मला आवाजासाठीही ती हवी आहे. निदान दवाखान्यांच्या, रेल्वे चौकशीच्या, तक्रार नोंदवायच्या नंबरांवर तरी हवी. ज्या नंबरवर शेकडो लोक एकदम लावणार हे आधीच ठाऊक आहे, तिथे एंगेजचा आवाज ऐकवण्याऐवजी लावणाऱ्याचा नंबर टिपून घ्यावा आणि पाळी आली की उलट फोन करावा. ही काही नवी विद्या नाही, अनेक कॉल सेंटर हे करतात. डॉक्टरांच्या रिसेप्शनवर नुसती वही ठेवून आलेले मिस्ड कॉल क्रमाने लिहून घेतले आणि त्याच क्रमाने उलट लावले, तरी शेजारच्या आजींचा नंबर लागेल. मी हे त्या रिसेप्शनिस्टला सांगून आले आहे. तिने ऐकून घेतलं, डॉक्टरांना विचारते म्हणाली.

आणि २०२७ चा सिंहस्थ येतोय. साधुग्राम, घाट, रस्ते, पाणी यांच्या बैठका चालू आहेत. त्या बैठकांमध्ये फोनचा विषय निघेल तेव्हा फिरत्या टॉवरांच्या संख्येवरच तो थांबू नये. स्नानाच्या दिवशी कॉल कमी करा, मेसेज पाठवा, हे यात्रेकरूंना त्यांच्या त्यांच्या भाषेत आधीच सांगायला हवं. एका मेसेजला टॉवरची वाट काही क्षण लागते, कॉलला मिनिटं लागतात. मेसेजही अशा वेळी अडकतो, पण केंद्रात एकदा पोचला की पुढची जबाबदारी जाळं घेतं. आणि 'कॉल अयशस्वी' ऐवजी 'गर्दीमुळे वाट मोकळी नाही, तुमचा फोन ठीक आहे' एवढं जरी मराठीत आणि हिंदीत ऐकू आलं, तरी कितीतरी जणांची छाती धडधडायची थांबेल. जाळ्याला ते ठाऊकच असतं, आकडा ३४.

घरापुरतं मी ठरवून टाकलंय. आईच्या फोनमध्ये तीन मेसेज लिहून ठेवले आहेत: 'पोचलो', 'उशीर होईल', 'घ्यायला ये'. मावश्यांच्या फोनमध्येही तेच. कुठलं बटण किती वेळा दाबायचं ते धाकटी मावशी पाठ करते आहे, आणि आई म्हणते चौथा एक मेसेज हवा, 'चहा टाकून ठेव'.